वरच्या मजल्यावरचे एकोणीस किलो

१

वरच्या मजल्यावरून सहा आठवड्यांत एकोणीस किलो वजन नाहीसं झालं होतं, आणि ते कुठे गेलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती काटेबाईंच्या. खरं तर त्या वृद्धाश्रमात वजनांचा तक्ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. सिस्टर दर पंधरा दिवसांनी तो जिन्याजवळच्या फळ्यावर लावत. लोक त्या फळ्यापाशी थांबून चष्मे पुसत, गप्पा मारत, पण तक्ता वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. काटेबाईंना मात्र आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नसे. चौतीस वर्षं त्या वजन-मापे खात्यात निरीक्षक होत्या. दुकानांतले तराजू तपासायचे, खरे असतील त्यांवर शिक्का मारायचा, खोटे असतील ते सील करायचे, हे त्यांचं काम. काटेबाई हे नाव खात्यातल्यांनीच पाडलेलं, आणि चार वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या तेव्हा सामानाबरोबर तेही आलं.

इमारत दोन मजल्यांची. खालच्या मजल्यावर आपलं आपण करणारे राहत, वरच्या मजल्यावर ज्यांना उठवावं, बसवावं, भरवावं लागतं असे दहाजण. त्या दहांत काटेबाईंची वहिनी होती, थोरल्या भावाची बायको. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा हात चालत नव्हता आणि बोलणं जड झालं होतं.

मंगळवारी सकाळी काटेबाईंनी तक्त्यापुढे उभं राहून पहिल्यांदाच मागच्या तीन पंधरवड्यांचे आकडे एकत्र ताडून पाहिले. वहिनीच्या नावापुढे पाच किलो कमी. तिच्या शेजारच्या खोलीतल्या मास्तरांचे चार. आणखी तिघांचे चार, तीन, तीन. उरलेल्या पाचजणांचा काटा जागचा हललेला नव्हता.

त्या तडक ऑफिसात गेल्या. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेला सगळे मॅडम म्हणत. मॅडम टापटिपीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर नवंकोरं प्रमाणपत्र लावलेलं होतं. सरकारी तपासणीत वृद्धाश्रमाला ‘उत्कृष्ट’ श्रेणी मिळाल्याचं.

“वयच तसं आहे हो, बाई,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं. शुक्रवारी ते तुमच्या वहिनींना नाकातून नळी घालणार आहेत. नळीतून अन्न गेलं की वजन सावरेल. मास्तरांचंही मग बघू.”

“नळी? आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“मुलाला कळवलंय. ते म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं.”

काटेबाई ऑफिसातून बाहेर पडल्या. आधी काटा तपासायचा, मग माणूस, ही त्यांची जन्माची सवय. स्वयंपाकघरातून त्यांनी साखरेच्या एक-एक किलोच्या दहा बंद पिशव्या मागून घेतल्या आणि वरच्या मजल्यावर वजनाची खुर्ची होती तिच्यावर एकेक करून ठेवल्या. काटा बरोबर दहावर आला. चार पिशव्या काढल्या, तो सहावर आला.

काटा खरा होता. म्हणजे माणसंच कमी झाली होती.

२

“मला माहीत होतं, शेवटी माझ्यावरच येणार,” आचारी म्हणाला.

तो गाजरं चिरत होता आणि मान वर करायला तयार नव्हता. मॅडमनी गेल्याच आठवड्यात त्याची पिशवी तपासायला लावली होती. वरच्यांच्या वाटणीचं अन्न तो घरी नेतो, असं कुणीतरी बोललं होतं म्हणे. पिशवीत सापडला रिकामा डबा आणि छत्री.

“मी तुमच्यावर काही आणत नाहीये,” काटेबाई म्हणाल्या. “वर किती जातं आणि परत किती येतं, एवढंच विचारते.”

“खाली जेवढं, वर माणशी तेवढंच. भात, भाजी, दही, पाव, फळ. आणि परत काही येत नाही. ताटं चाटूनपुसून येतात.”

“सगळी?”

“दहाच्या दहा. म्हणून तर माझं डोकं फिरलंय. खालच्या मजल्याची ताटं बघा, कुणी कोबी टाकतो, कुणी पावाच्या कडा टाकतो. माणसाची जातच टाकायची. वरचे मात्र महिनाभर शीतही टाकत नाहीत.”

काटेबाईंनी खरकट्याची बादली वजनकाट्यावर ठेवायला लावली. आचाऱ्याला तो प्रकार विचित्र वाटला, पण त्याने ठेवली. खालच्या मजल्याचं खरकटं साडेतीन किलो भरलं, वरच्या मजल्याच्या बादलीत केळ्याच्या सालींखेरीज काही नव्हतं.

“मागे एकदा भाजीत तुमच्याकडून दोनदा मीठ पडलं होतं,” काटेबाई म्हणाल्या. “आम्ही खाली ती तोंडाला लावू शकलो नव्हतो.”

आचाऱ्याची सुरी थांबली. “त्या दिवशीही वरून ताटं रिकामीच आली,” तो सावकाश म्हणाला. “मला वाटलं, वरच्यांना चव कळत नाही.”

“चव न कळणारा एखादा असेल. दहाजण कसे असतील?”

ती खारट भाजी दहाजणांनी खाल्ली नव्हती, हे उघड होतं. तरी ती ताटांतून गेली होती. वर आणि खाली, या दोन्हींच्या मधे कुठेतरी कुणीतरी ताटं रिकामी करत होतं.

३

बुधवारी साडेबाराला काटेबाई वरच्या मजल्यावर निघाल्या, तर जिन्याच्या दारावर पाटी होती, ‘जेवणाच्या वेळेत भेटी बंद’. ती पाटी तिथे वर्षभर होती. काटेबाई रोज चार वाजता वहिनीकडे जात, चहात बिस्किट बुडवून तिला भरवत आणि पाऊण तासाने खाली येत. वहिनी ती मऊ झालेली बिस्किटं चटाचटा खाई, त्यामुळे तिची भूक गेली असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण या वर्षभरात जेवताना वहिनीला त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. पाटी वाचताना ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा बोचली.

तेवढ्यात वरून प्लंबर उतरला. हातात लांब तार, बूट ओले.

“पुन्हा?” काटेबाईंनी विचारलं. त्याला त्यांनी या महिन्यात आधीही पाहिलं होतं.

“तिसऱ्यांदा,” तो वैतागून म्हणाला. “वरच्या संडासाचा पाइप. मी मॅडमना सांगून दमलो, संडासात भात आणि गाजरं टाकू नका म्हणावं. फुगतो ना तो.”

काटेबाईंनी पाटीकडे एकदा पाहिलं आणि दार ढकललं.

वरच्या मजल्यावर दोन आया काम करत, थोरल्या मावशी आणि धाकट्या मावशी. थोरल्या बावीस वर्षं हेच काम करत आलेल्या, धाकटीला वर्ष व्हायचं होतं. धाकटी एका आजोबांना भरवत होती. थोरल्या मावशी हातात तीन भरलेली ताटं एकावर एक धरून संडासाच्या दाराशी उभ्या होत्या.

दोघींची नजरानजर झाली. थोरल्या मावशींनी ताटं लपवायचा प्रयत्न केला नाही. त्या नुसत्या भिंतीला टेकल्या.

“करा तक्रार,” त्या म्हणाल्या. “मीच करते हे. धाकटीचा काही संबंध नाही.”

“तक्रारीचं मागाहून बघू. का करता ते सांगा.”

मावशींनी ताटं खाली ठेवली आणि खिडकीतला कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. जेवण अर्धवट राहिलं तर भरायचा फॉर्म. माणशी तीन पानं. किती घास उरले, का उरले, कुणाला कळवलं, किती वाजता कळवलं, सिस्टरची सही, मॅडमची सही. तपासणी व्हायच्या आधी नवीन आला होता.

“दहा माणसं, आम्ही दोघी, पाऊण तास,” मावशी म्हणाल्या. “पाच माणसं जेवली नाहीत की पंधरा पानं. पानं भरत बसले तर बाकीच्यांना कोण भरवणार? पहिल्या दिवशी मी भरली सगळी. मॅडम म्हणाल्या, मावशी, एवढे फॉर्म आले तर तपासणीवाले म्हणतील आपल्याला भरवता येत नाही. मग मी ‘पूर्ण’ लिहायला लागले. आणि ‘पूर्ण’ लिहिलं की ताट भरलेलं कसं पाठवणार खाली?”

“पण ही पाच माणसं जेवत का नाहीत?”

“तेच तर कळत नाही, बाई. घास घेतात, तोंडात फिरवतात, थोड्या वेळाने काढून टाकतात. पातळ दिलं, तर तेवढं पितात. पूर्वी अशी नव्हती. तुमच्या वहिनी तर पावाच्या कडा मागून घ्यायच्या माझ्याकडून.” मावशींनी खाली ठेवलेल्या ताटांकडे पाहिलं. “बावीस वर्षांत माझ्या हातचं माणूस उपाशी राहिलं नव्हतं.”

त्या खरं बोलत होत्या याबद्दल काटेबाईंना शंका वाटली नाही. पण अन्न कुठे गेलं हे कळल्याने कोडं सुटलं नव्हतं, अर्धं उरलंच होतं. पाच माणसांनी एकाच सुमाराला चावणं का सोडलं?

आणि नळीला आता दोन दिवस उरले होते.

४

त्या दुपारी काटेबाई वहिनीच्या पलंगाशी बसल्या. वहिनीचे गाल आत गेले होते, गळ्याची हाडं दिसत होती. हे सगळं रोज थोडं थोडं झालं होतं, आणि रोज पाहणाऱ्याला थोडं दिसत नाही. स्वतःला त्यांनी मनात बरंच सुनावलं.

वहिनीने डावा हात उचलून त्यांचं मनगट धरलं. “माझे नाहीत,” ती म्हणाली. शब्द जड, लाळेत भिजलेले, पण ओळखू येण्यासारखे. “माझे... नाहीत.”

हे ती गेला महिनाभर म्हणत होती. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा काटेबाईंना वाटलं, मुलांबद्दल बोलते आहे. वहिनीला एक मुलगा, एक मुलगी. दोघं लांबच्या शहरांत, वर्षातून एकदा येणारी. तेव्हा त्यांनी तिचा हात थोपटून म्हटलं होतं, “येतील हो वहिनी, दोघंही येतील.” वहिनीने मान फिरवली होती. मावशींचा तर्क वेगळा होता. धोब्याकडून कपडे येताना अदलाबदल होई, म्हणून वहिनी असं म्हणाली की धाकटी तिचा गाऊन बदलून देई. एका दिवशी तर तिने तीन गाऊन बदलले होते.

काटेबाईंनी आज पलंगाशेजारचं कपाट उघडलं. प्रत्येक कपड्याच्या गळ्याला वहिनीच्या नावाची पट्टी शिवलेली होती. सगळे कपडे तिचेच होते.

मग त्या शेजारी मास्तरांकडे गेल्या. मास्तरांना आताशा कालचं आज आठवत नसे, पण माणूस आला की स्वागत करायची सवय शाबूत होती. “बसा, बसा,” ते म्हणाले, आणि प्रत्येक ‘स’बरोबर बारीक शीळ वाजली. चाळीस वर्षं वर्गात खणखणीत बोललेला माणूस. चार महिन्यांपूर्वी खालच्या अंगणात त्यांनी काटेबाईंना एक अख्खी कविता म्हणून दाखवली होती, तेव्हा ही शीळ नव्हती.

“मास्तर, जेवलात का?”

“जेवतो की. पण हल्ली घास ऐकत नाही,” मास्तर म्हणाले, आणि लाजल्यासारखे हसले. हसताना त्यांनी हात ओठांवर धरला.

काटेबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डायरी काढली. वजन घटलेले पाच, न घटलेले पाच. खोल्या वेगळ्या. आजार वेगळे. औषधं वेगळी, ती त्यांनी धाकट्या मावशीकडून विचारून घेतली. भरवणारे हात तेच, अन्न तेच. मग या पाचांत असं काय सारखं, जे त्या पाचांत नाही?

त्यांच्या डोक्यात वहिनीचे दोन शब्द फिरत राहिले. माझे नाहीत. वहिनीला झटक्याने बोलणं जड झालं होतं, पण ती चुकीचं कधी बोलत नव्हती. चहा गार असला तर ‘गार’च म्हणे, खिडकी उघडी असली तर ‘उघडी’च. मुलांबद्दल बोलायचं असतं तर ती म्हणाली असती, माझी नाहीत. एक मुलगा आणि एक मुलगी, त्या दोघांना ती कायम ‘माझी मुलं’च म्हणत आली. ‘माझे’ ती म्हणणार नाही. कपडे म्हणावे, तर कपडे तिचेच होते. मग ‘माझे’ काय? माणसाचे असे कोणते ‘ते’ असतात, जे अनेक असतात, आणि जे आपले नाहीत हे फक्त आपल्यालाच कळतं?

त्या उठल्या. धाकटी मावशी चादरी बदलत होती.

“मला एक सांगा,” काटेबाई म्हणाल्या. “या मजल्यावर कवळी कुणाकुणाला आहे?”

धाकटीने बोटं मोजली. तिच्या तोंडून एकेक नाव येत गेलं आणि काटेबाईंनी डायरीतल्या यादीवर एकेक खूण केली. पाच नावं. तीच पाच.

५

वहिनीने तोंड उघडलं तेव्हा आत दोन्हीकडे हिरड्या लालभडक होत्या, एका जागी जखम झाली होती. वरची कवळी चिकट पेस्टच्या जाड थरावर कशीबशी टेकलेली होती. काटेबाईंनी ती अलगद काढली. वहिनीने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

कवळ्या रात्री ज्या डब्यांत ठेवत ते डबे खिडकीत ओळीने मांडलेले होते. पाच पांढरे डबे, एकसारखे, झाकणांवर छापील नावं.

“हे नवीन दिसतात.”

“तपासणीच्या आदल्या दिवशी आले,” धाकटी म्हणाली. “आधीचे एकेकाचे वेगळे होते. वहिनींचा हिरवा, मास्तरांचा कान तुटलेला कप होता. मॅडम म्हणाल्या, फोटोत वाईट दिसतं.”

“आणि कवळ्या जुन्या डब्यांतून नव्यात कुणी घातल्या?”

धाकटीने मान खाली घातली. “सिस्टरनी.”

सिस्टर औषधांच्या खोलीत होत्या. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. काटेबाईंनी वहिनीची कवळी रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवली. सिस्टरनी रुमाल उघडला नाही. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

“तुम्ही कधी येता याचीच वाट बघत होते,” त्या म्हणाल्या.

“मी?”

“कुणीही. पण फळ्यासमोर तुम्ही थांबता, हे मला माहीत होतं.”

मग त्यांनी सांगितलं. तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडदे, चादरी, पाट्या, सगळं बदलायचं होतं. सगळ्या कवळ्या एकदम भिजवून लख्ख करा, असं सांगितलं गेलं. त्यांनी पाचही जोड्या एका टबात टाकल्या. कोणती कुठली ते आपल्या ध्यानात राहील असं त्यांना वाटलं होतं. तेवढ्यात खाली कुणीतरी पडलं म्हणून हाक आली. परत आल्या तेव्हा टबात दहा तुकडे होते आणि सगळे सारखेच दिसत होते. त्यांनी अंदाजाने जोड्या लावल्या. दुसऱ्या दिवशी पाचहीजण कवळी घालून बसले, अधिकारी आले, हसून गेले.

“मला वाटलं, जमलं. आठवड्याने मास्तरांच्या हिरडीला जखम दिसली, तेव्हा कळलं.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“नाही.” सिस्टर पहिल्यांदा सरळ बघत म्हणाल्या. “त्याच दिवशी मॅडमना सांगितलं. दंतवैद्याला बोलवू या म्हटलं. त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र हातात येऊ दे, आत्ता बोभाटा नको, तोवर रोज तुम्हीच पेस्ट लावून कवळ्या घालत जा. प्रमाणपत्र आलं. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, आता इतके दिवस का नाही सांगितलं असं विचारतील. माझी चूक होती, माझी नोकरी जाईल, म्हणून मी पुढे बोलले नाही. पण वजनं मी खरी लिहिली, बाई. एकही आकडा बदलला नाही. वाटायचं, कुणीतरी वाचेल.”

काटेबाईंना राग आला होता, आणि या बाईवर पूर्ण रागावता येत नाही याचाही राग आला होता. “तुम्ही सांगितलंत, याला पुरावा?”

“बोलणं झालं. कागद नाही.”

मॅडम नाही म्हणणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

६

गुरुवारी दुपारी डॉक्टर नेहमीच्या फेरीला आले तेव्हा काटेबाई ऑफिसात आधीच बसलेल्या होत्या. सिस्टर, थोरल्या मावशी आणि आचारी यांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. मॅडमना ते आवडलं नाही, पण डॉक्टरांसमोर त्या काही बोलल्या नाहीत.

“डॉक्टर, नळी घालण्याआधी पाच मिनिटं द्या,” काटेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं मांडलं. काटा खरा होता. अन्न वर जात होतं. ते संडासात जात होतं, आणि का, तेही त्यांनी सांगितलं. मावशींनी मान हलवली. न जेवणाऱ्या पाचहीजणांना कवळी आहे, जेवणाऱ्या पाचांपैकी एकालाही नाही. मास्तरांची शीळ, वहिनीचे दोन शब्द, हिरड्यांवरच्या जखमा. “ही माणसं आजारी नाहीत. त्यांच्या तोंडात दुसऱ्यांचे दात आहेत.”

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. “मी छाती तपासली, पोट तपासलं, रक्त तपासलं,” ते म्हणाले. “तोंडात पाहिलं नाही.”

“हे भयंकर आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच सौम्य होता. “सिस्टर, हे तुमच्याकडून झालं आणि तुम्ही मला सांगितलंही नाहीत? मला आज कळतंय. कवळ्यांचा विषयच माझ्यापर्यंत कधी आला नाही.”

सिस्टरनी काटेबाईंकडे पाहिलं.

“कधीच नाही?” काटेबाईंनी विचारलं.

“कधीच नाही.”

“आश्रमात कुठलीही वस्तू मागवायची तर चिठ्ठी कोण लिहितं?”

“मीच. सगळ्यांना माहीत आहे ते.”

काटेबाईंनी डायरीतून दोन चिठ्ठ्या काढल्या. “सामान येतं ते आचाऱ्याकडे, आणि तो चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवतो. ही तपासणीच्या आधीची. कवळी चिकटवायची पेस्ट, दोन महिन्यांना एक ट्यूब. आणि ही तपासणीनंतर दहा दिवसांची. तीच पेस्ट, बारा ट्यूब, तातडीने. दोन्ही तुमच्या अक्षरात. ज्याची कवळी नीट बसते त्याला पेस्ट जवळजवळ लागत नाही. अचानक बारा ट्यूब कुणाला लागतात हे तुम्हाला कळल्याशिवाय तुम्ही ‘तातडीने’ कसं लिहिलंत?”

मॅडमनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि टेबलावर उलटी ठेवली.

“प्रमाणपत्र आलं नसतं तर हा आश्रम बंद पडला असता,” त्या म्हणाल्या. “चाळीस माणसं रस्त्यावर आली असती. मला वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. वरच्यांना... त्यांना एवढं जाणवत नसेल.”

“जाणवत होतं,” काटेबाई म्हणाल्या. “वहिनी महिनाभर सांगत होत्या.”

मग डॉक्टरांनी फोन उचलला आणि दंतवैद्याचा नंबर फिरवला.

७

दंतवैद्य शुक्रवारी सकाळी आल्या. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या टेबलावर पांढऱ्या कापडावर त्यांनी दहा तुकडे मांडले आणि एकेकाच्या तोंडात लावून पाहिले. अडीच तास लागले. दोन जोड्या लगेच जमल्या. मास्तरांची खालची कवळी एका आजींच्या वरच्या कवळीबरोबर फिरत होती. पाचव्या जोडीला चीर गेली होती, ती नव्याने करावी लागणार होती, म्हणून त्या आजोबांना पंधरा दिवस सूप आणि दही. प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला दंतवैद्यांनी नाव कोरून दिलं.

वहिनीच्या हिरड्या बऱ्या व्हायला आठवडा गेला. नळी अर्थातच रद्द झाली.

काटेबाईंनी तपासणी खात्याला चार पानी पत्र लिहिलं. त्यात कुणाचीही बाजू घेतली नाही, कुणाला वगळलंही नाही. ‘जेवणाच्या वेळेत भेटी बंद’ या पाटीबद्दल एक परिच्छेद होता, आणि त्या पाटीमागे वर्षभर न डोकावणाऱ्या स्वतःबद्दल दोन ओळी. अधिकारी पुन्हा आले, या वेळी न कळवता, बरोबर जेवणाच्या वेळी. श्रेणी दोन पायऱ्या खाली आली. आश्रम बंद पडला नाही. मॅडमना जावं लागलं. सिस्टरना लेखी समज मिळाली आणि सहा महिने देखरेखीखाली काम करायचा हुकूम. त्यांना ठेवावं की नाही, असं पाचहीजणांच्या घरच्यांना विचारलं गेलं, तेव्हा दोन घरं नाही म्हणाली, तीन हो म्हणाली. मास्तरांच्या मुलीने आधी नाही म्हटलं होतं, मग वजनांचे जुने तक्ते पाहून मत बदललं. तीन पानी फॉर्मच्या जागी वहीत एक रकाना आला, ‘का जेवले नाहीत’. दुपारच्या जेवणाला वर तिसरी बाई मिळाली. थोरल्या मावशी पहिले काही दिवस काटेबाईंशी बोलायच्या नाहीत, आणि काटेबाई रोज साडेबाराला त्यांच्या मजल्यावर हजर व्हायच्या.

“पहारा करायला येता का?” आठव्या दिवशी मावशींनी विचारलं.

“भरवायला. कुणाला भरवू ते सांगा.”

मावशींनी जरा विचार केला आणि दह्याची वाटी त्यांच्या हातात देऊन चीर गेलेल्या कवळीच्या आजोबांकडे बोट दाखवलं. त्यांचं होईपर्यंत पाऊण वाजला. मग काटेबाई वहिनीशेजारी येऊन बसल्या.

त्या दिवशी आचाऱ्याने वर ताजा पाव पाठवला होता. वहिनीने डाव्या हाताने तुकडा मोडला, कड बाजूला न काढता तोंडात घातला आणि चावायला लागली. सावकाश, दोन्ही बाजूंनी, डोळे समोरच्या भिंतीवर ठेवून. काटेबाईंनी पाण्याचा पेला जवळ सरकवला. घास गिळून झाल्यावर वहिनीने पाण्याचा घोट घेतला आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“वन्सं,” ती म्हणाली. शब्द अजून जडच होते, पण आता ते तोंडातून सुटे बाहेर पडत होते. “मला वाटलं, तुमचे कान गेले.”

“गेलेच होते, वहिनी,” काटेबाई म्हणाल्या.

वहिनीने ते मान्य केल्यासारखी मान हलवली, आणि दुसरा तुकडा मोडला. तिचं जेवण व्हायला तासभर लागला. तोवर कुणी उठलं नाही.